बेटावरचा सोलेभात

१० जानेवारी, अर्विंग

विनीताकाकूंचा फोन येऊन गेला. मंडळाच्या पाडवा अंकासाठी त्यांना माझा लेख हवा आहे. "पोर्तो रिकोला निघालाच आहात, तर तिथे स्वस्तात चांगलं काय मिळतं ते लिही. रिसॉर्टबाहेरचं, लोकल. आणि हलकंफुलकं लिही गं वल्लरी. गेल्या अंकात नुसत्या श्रद्धांजल्या झाल्या होत्या." मी हो म्हटलं. त्यातली एक आमच्या घरची होती, हे त्यांच्या लक्षात नसावं.

मी ऑफिसात दिवसभर सॉफ्टवेअरची मॅन्युअल्स लिहिते. त्यात हलकंफुलकं काही नसतं. म्हणून रोज थोडं टिपून ठेवते, त्यातून लेख निघेल.

पोर्तो रिको निवडायचं कारण एकच. ते बेट अमेरिकेत मोडतं. आमच्या दोघांच्याही पासपोर्टातले व्हिसाचे शिक्के संपलेत. देशाबाहेर गेलो तर परत यायला नवा शिक्का हवा, आणि त्याची तारीख महिनोन्महिने मिळत नाही. ऑगस्टमध्ये बाबा, म्हणजे माझे सासरे गेले, तेव्हाही हेच होतं. प्रथमेश नागपूरला जाऊ शकला नाही. अनिलदादाने, त्याच्या चुलतभावाने, अग्नी दिला. प्रथमेशने ते ऑफिसातल्या एका मीटिंग रूममध्ये बसून लॅपटॉपवर पाहिलं. मधेच दारावर टकटक झाली, कारण पुढच्या वेळेसाठी ती खोली दुसऱ्यांनी बुक केली होती. त्याने लॅपटॉप मिटला आणि त्यांना सॉरी म्हणाला.

घरी येऊन अंघोळ केल्यावर त्याने सांगितलं, वर्षभर मटण-मासे काही खाणार नाही. आमच्यात अशी काही रीत नाही. सासूबाईही फोनवर म्हणाल्या, "नको रे बाबू, त्यांना नसतं आवडलं." तो म्हणाला, "तिथे येऊन काही करता नाही आलं. इथे बसून एवढं तरी करू दे." सावजी रश्श्यावर वाढलेला माणूस तेव्हापासून वरणभातावर आहे. सगळ्या पँटी सैल झाल्यात. रडलेला मात्र मी पाहिला नाही.

१४ जानेवारी, सान हुआन

पोचलो. एवढा समुद्र ओलांडला पण पासपोर्ट कुणी पाहिला नाही. प्रथमेश विमानतळावर उगीचच खिसा चाचपत होता.

आज संक्रांत. पर्समधून आणलेले तिळगूळ हॉटेलच्या खोलीत वाटले. इशिता म्हणाली, "आई, धिस इज लाइक अ रॉक." नऊ वर्षांची आहे, दाताची तार नवीन आहे. खरंच कडक झालेत.

हॉटेलात शाकाहारी म्हणजे सॅलड. प्रथमेशने पानं इकडून तिकडे केली आणि म्हणाला, "बाबा असते तर म्हणाले असते, गवतच खायचं होतं तर एवढ्या दूर काऊन आले?" मी हसले. कितीतरी दिवसांनी त्याने आपणहून बाबांचं नाव काढलं होतं.

बाबांची नागपूरला इंजिनिअरिंग कॉलेजच्या मागे खानावळ होती. पाटी नव्हती. पोरं "श्रीरामकाकांची मेस" म्हणायची. मी लग्न होऊन गेले तेव्हा ती चालू होती. हिवाळ्यात दर बुधवारी सोलेभात असायचा, म्हणजे ओल्या तुरीचे हिरवे दाणे, लसूण आणि मिरची घालून केलेला भात. पोरं आदल्या दिवसापासून विचारत यायची. सगळी जेवून गेली की बाबा पातेल्याच्या तळाला लागलेली खरपुडी उलथण्याने खरवडायचे आणि चुलीशी उभ्यानेच खायचे. मी नव्या सुनेसारखं ताट घेऊन गेले होते, तर म्हणाले, "राहू दे पोरी. मालकाचं ताट हेच." मला वाटायचं, कंजूषपणा. पुण्याची ना मी.

१५ जानेवारी

लेखासाठी आजचा दिवस चांगला गेला. जुन्या शहरात निळ्या दगडांच्या गल्ल्या आहेत, आणि फलकांवर पर्यटकांसाठीचे भाव. बाबांचा नियम प्रथमेशने लावला: जिथे टाय लावलेली माणसं आणि घामेजलेली माणसं एकाच टेबलावर जेवतात, तिथे शिरायचं. बाजाराजवळ तसं एक सापडलं. तळून चपटी केलेली कच्ची केळी, लाल घेवड्याची उसळ, भात. उसळीवर मात्र तो अडला. ताट नाकाजवळ नेलं आणि माझ्याकडे सरकवलं. "हॅम आहे. तुकडे काढून टाकले असतील, पण त्यातच शिजलंय."

"कशावरून?"

"वास येऊन राहिला ना."

मला काही येत नव्हता. इशिताने काउंटरवरच्या बाईंना स्पॅनिशमध्ये विचारलं. टेक्सासच्या शाळेने तिला ही एक चांगली गोष्ट दिली आहे. खरंच हॅम होतं.

संध्याकाळी किनाऱ्यावरच्या टपऱ्यांपाशी गेलो. समोर मोठाल्या कढया, गरम भज्यांसारखं काहीतरी, लोकांची झुंबड. प्रथमेश गाडीतून उतरलाही नाही. काच खाली करून म्हणाला, "डुकराच्या चरबीत तळतात. पुढे चला." इशिता पळत जाऊन विचारून आली. "पपा, हाउ डू यू डू दॅट?" तो म्हणाला, "आजोबा डोळे बांधून ओळखायला लावायचे. चुकलो की भांडी घासायला लागायची."

"डिड यू वॉश अ लॉट?"

"पहिल्या वर्षी."

तो आज नुसती तळलेली केळी आणि चीजची गोड गुंडाळी खाऊन झोपला. असं आणखी चार दिवस चाललं तर लेख होईल, पण सुट्टी कसली.

१६ जानेवारी

काय लिहू कळत नाही. आधी झालं तसं लिहिते.

पूर्वेकडे जंगल बघायला निघालो होतो. वाटेत एका गावाबाहेर विजेच्या खात्याच्या गाड्या रांगेने उभ्या दिसल्या. त्यांच्यामागे पत्र्याचं छप्पर, गुलाबी भिंत. प्रथमेशने विचारलंही नाही, गाडी वळवली. इथे अशा घरगुती खानावळीला फोंदा म्हणतात. जेवायला अजून वेळ होता. मागच्या पडवीत एक जाडशा बाई मांडीवर परात घेऊन शेंगा सोलत होत्या. नाव इरिस, सगळे डोन्या इरिस म्हणतात, म्हणजे आपल्या इरिसबाई. साठीच्या असतील, पायात पुरुषी सँडल.

प्रथमेश तिथेच थबकला. "वल्ली, तूर."

"इथे कुठली तूर?"

त्याने खाली वाकून एक शेंग उचलली, मोडली, कच्चे दाणे तोंडात टाकले. मग त्या बाईंच्या शेजारच्या उलट्या बादलीवर बसला आणि सोलायला लागला. त्या आधी दचकल्या, मग हसायला लागल्या. इशिताला म्हणाल्या, याला गांदुलेस म्हणतात, मुख्य हंगाम हाच, नाताळापासून याचाच भात चाललाय. इशिताने त्यांना सांगितलं की आमच्या आजोबांकडेही हाच भात व्हायचा. बाईंनी विचारलं, आजोबा कुठे आहेत? इशिताने बापाकडे पाहिलं. तो शेंगांमधून मान वर न करता म्हणाला, "सांग, वारले." सांगितल्यावर बाईंनी आपल्या परातीतल्या अर्ध्या शेंगा त्याच्यापुढे ओतल्या.

तासभर तो सोलत होता. मी त्याचे हात असे भरभर चालताना कधी पाहिले नव्हते. की-बोर्डवरही नाही.

मग भात झाला. ॲल्युमिनियमचं काळं पातेलं, वर केळीचं पान झाकलेलं. झाकण निघालं तेव्हा प्रथमेश स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. बराच वेळ उभा होता, चौकटीला धरून. बाईंनी इशिताला काहीतरी सांगितलं. "पपा, शी सेज दॅट..." एवढ्यात तो म्हणाला, "माहीत आहे राणी. जा, हात धू." पैसे आत्ता द्यायचे की नंतर, असलं काही असेल.

भात पिवळट केशरी, दाणे हिरवे, वास आपल्या कोथिंबिरीसारख्या कुठल्याशा पानाचा. तो खाली मान घालून जेवायला लागला. पहिला घास घेतल्यावर थांबला, मग थांबलाच नाही. मी त्याला असं जेवताना ऑगस्टनंतर पाहिलं नव्हतं. इतकं बरं वाटलं की माझं ताट मी निम्मं झाल्यावर नीट पाहिलं. भातात छोटे गुलाबी चौकोन. हॅम.

माझ्या हातातला घास तसाच राहिला. त्याचं ताट तोवर संपत आलं होतं. इशिताही माझ्याकडे बघत होती. तिच्याही लक्षात आलं असणार. मी हळूच नकारार्थी मान हलवली. तिने डोळे खाली घातले.

त्याने दुसऱ्यांदा भात मागितला. मी गप्प बसले.

एवढं तीक्ष्ण नाक, आज कसं चुकलं? सकाळपासून दोनदा शिंकला होता. हॉटेलचा एसी. सर्दीच झाली असणार.

१७ जानेवारी

सकाळी सासूबाईंचा फोन. त्या रोज एकच विचारतात, "काय जेवला?" रोज तो म्हणतो, "वरणभात." आज म्हणाला, "आई, काल सोलेभात खाल्ला."

पलीकडे टीव्ही बंद केल्याचं ऐकू आलं. मग म्हणाल्या, "सोले कुठं भेटले रे तुला तिथं?"

"आहेत इथे. माझ्या हातानं सोलले."

"खरपुडी धरली होती?"

"विचारायचं राहिलं."

"विचार," त्या म्हणाल्या. "विचारून घे."

मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले. त्याचा नेम मोडलाय आणि ते मला माहीत आहे, त्याला नाही. नकळत झालं तर पाप नाही, हे मला कळतं. पण त्याने पाप-पुण्यासाठी नेम धरलेलाच नाही. बापासाठी करता आलेली ती एकच गोष्ट आहे. ती मोडली हे कुणी सांगायचं? आणि नाही सांगितलं, तर तो पुन्हा तिथेच जाणार.

समुद्रावर बसलो असताना सुरुवात केली. "प्रथमेश, कालच्या त्या जेवणाबद्दल..."

"नंतर बोलू," तो म्हणाला. पाण्याकडे बघत होता. "काहीही असेल तर नंतर."

मी लेखाची सबब काढली. एकाच ठिकाणावर लेख कसा होईल, आज दुसरीकडे जाऊ. तो आला. नारळवाल्याकडे थांबलो, एका बेकरीत गरम पाव-लोणी खाल्लं, सगळं स्वस्त, सगळं चांगलं. लेखाला उत्तम. त्याने पावाचा तुकडा मोडून तसाच ठेवला.

१८ जानेवारी

रविवार. फोंदा बंद असतो, हे मी त्याला सांगितलं होतं. तरी एकटाच गाडी घेऊन गेला. दोन तासांनी आला.

"बंद होतं ना?"

"हो."

"मग इतका वेळ?"

"मागे बादली होती. बसलो थोडा."

१९ जानेवारी

विमान संध्याकाळचं. सकाळीच बॅगा गाडीत टाकून तो म्हणाला, "जाता जाता तिथे जेवू." नाही म्हणायला काही उरलं नव्हतं.

मी मनाशी एक ठरवलं होतं. डोन्या इरिसना आधी गाठायचं आणि त्याच्यापुरता हॅमशिवाय थोडा भात वेगळा करायला सांगायचा. त्याला काही कळायचं कारण नाही. तो गाडी लावत होता तेवढ्यात मी इशिताला पुढे घातलं.

"विचार त्यांना, पपासाठी मांसाशिवाय करतील का."

ती जागची हलेना. "आय डोन्ट वॉन्ट टू."

"का?"

"बिकॉज."

"इशू, ही काय वेळ आहे हट्ट करायची?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आई, प्लीज. डोन्ट मेक मी." मी चिडले. एवढी शाळेतली बक्षिसं आणि आईसाठी एक वाक्य बोलायला लाजते. मला स्पॅनिश येत नाही. हातवारे करेपर्यंत तो मागून आलाच. डोन्या इरिस त्याला बघून हसल्या आणि पायाने बादली पुढे सरकवली.

आज तो शेंगा सोलत बसला आणि त्या बोलत बसल्या. त्याला कळत होतं की नाही, देव जाणे. इशिता मधेमधे सांगत होती. वादळात बाईंचं छप्पर उडालं होतं. नवरा नंतर गेला, हॉस्पिटलात वीज नव्हती. मुलगा मुख्य भूमीवर, ओरलँडोला. तिकीट मिळेपर्यंत उशीर झाला, पुरल्यावर पोचला. प्रथमेशने विचारायला लावलं, "मग तो आल्यावर काय केलं?" बाईंनी खांदे उडवले. इशिता म्हणाली, "शी सेज, ही वॉज हंग्री. सो शी कुक्ड."

माणसं जेवून गेली. आम्हीही जेवलो. मी माझ्या ताटातले गुलाबी तुकडे भाताखाली लपवत होते, त्याला दिसू नयेत म्हणून. शेवटी त्याने इशिताला खरपुडीबद्दल विचारायला सांगितलं. तिला मराठी शब्दच माहीत नव्हता. त्याने पातेल्याकडे बोट दाखवून खरवडल्यासारखा हात केला. बाई मोठ्याने हसल्या. त्यांच्यात तिला पेगाओ म्हणतात, आणि घरात त्यावरून भांडणं होतात म्हणे. त्यांनी पातेलंच उचलून त्याच्या हातात दिलं, वर एक पळी.

तो बसलाच नाही. स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून, पातेलं एका हातात धरून, उभ्यानेच खरवडून खात राहिला. मी म्हटलं, "बस ना जरा, खुर्ची आहे." ऐकलं नाही. आम्हाला कुणालाच दिली नाही, इशितालाही नाही. एरवी तिच्याशिवाय घास खात नाही. मला लाज वाटली, लोक काय म्हणतील.

संपल्यावर तो पातेलं घेऊन मागच्या नळावर गेला. डोन्या इरिस उठल्या, मीही त्याला "राहू दे" म्हणायला उठले. त्यांनी माझा दंड धरून मला खाली बसवलं. काय त्यांची पकड. पडवीतून त्याची पाठ दिसत होती. काथ्याने पातेलं घासत होता. तळ स्वच्छ झाल्यावरही घासत होता. खांदे हलत होते, घासताना हलतातच. इशिता जाऊन त्याच्या शेजारी उकिडवी बसली आणि नळाची रबरी नळी धरून राहिली.

त्याने पातेलं धुऊन उन्हात पालथं घातलं. परत आला तेव्हा शर्टाची बाही कोपरापर्यंत भिजलेली आणि तोंडही धुतलेलं.

निघताना बाईंनी पैसे घेतले, मोजून सुटे परत दिले. ते मला आवडलं. विमानात तो पूर्ण वेळ झोपला होता. तोंड थोडं उघडं, लहान मुलासारखं.

२५ जानेवारी, अर्विंग

लेख पाठवला. नारळवाला, बेकरी, बाजारातलं जेवण, तळलेली केळी, घामेजलेल्या आणि टायवाल्या माणसांचा नियम. नियम कुणाचा ते लिहिलं नाही. फोंदाही घातला नाही. विनीताकाकूंचा मेसेज आला, "मस्त हलकंफुलकं झालंय."

काल इंडियन स्टोअरमध्ये फ्रोझन तुरीचे दाणे मिळाले. मी सोलेभात केला, लसूण भरपूर, वरून तूप. माझ्या हाताने केलेला, पूर्ण शाकाहारी. बिघडलेलं थोडं तरी दुरुस्त होईल असं वाटत होतं. तो जेवला. "छान झालाय," म्हणाला. मग उठून पातेल्यात डोकावला. आमची भांडी नॉनस्टिक आहेत, खाली काही धरत नाही. झाकण ठेवून तो आपलं ताट धुवायला गेला.

आज सासूबाईंचा फोन. काय जेवला, ते झालं. मग म्हणाल्या, "नेम चालू आहे ना रे बाबू? जमत नसेल तर सोड. ते काही बघायला येत नाहीत."

फोन स्पीकरवर होता. इशिता गृहपाठ करत होती, तिची पेन्सिल थांबली. प्रथमेशने माझ्याकडे पाहिलं. कितीतरी वेळ, जणू त्या उत्तरात माझंही काही होतं. मग म्हणाला, "चालू आहे, आई."

मी भाजी ढवळायला वळले. चेहऱ्यावर काही दिसलं असतं.

त्याला हे मी कधीही सांगणार नाही. ऑगस्टमध्ये त्याच्यासाठी मला काहीच करता आलं नव्हतं. हे तेवढं माझ्या हातात आहे.